अकोल्याचं ऊन

१

रविवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सितारा फुटबॉल क्लबचं लोखंडी कपाट उघडलं गेलं. वही जागेवर नव्हती.

कपाट उघडणारा अरीब क्लबचा सचिव होता. वय पंचवीस. ज्यांनी हा क्लब काढला त्या नबी उस्तादांचा नातू. तो खोलीच्या दारात आला आणि मैदानाकडं तोंड करून ओरडला, "मॅडम, इकडं या. लवकर!"

रागिणी तायडे मुलींचा सराव घेत होती. शाळेत विज्ञान शिकवायचं आणि मैदानावर पंच म्हणून उभं राहायचं, ही तिची बावीस वर्षांची दोन कामं. तिनं शिट्टी वाजवली, मुलींना पाणी प्यायला पाठवलं आणि खोलीत आली.

वही म्हणजे काय, हे अमरावतीतल्या जुन्या खेळाडूंना सांगावं लागत नाही. नबी उस्ताद टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचे. १९६६ साली साजाच्या उरलेल्या कातड्यातून त्यांनी क्लबचा पहिला चेंडू शिवला, गावाबाहेरच्या माळावरचे दगड वेचले, बाभळीचे गोलपोस्ट रोवले. त्या दिवसापासून मरेपर्यंत प्रत्येक सामना त्यांनी एका जाड वहीत लिहिला. तारीख, जागा, अकरा नावं, आणि काय घडलं ते. सगळं उर्दूत.

आता तो माळ गावाच्या मधोमध आला होता आणि एका नव्या संकुलासाठी मागितला गेला होता. सोमवारी अकरा वाजता सुनावणी होती. मैदान १९६६पासून सलग क्लबच्या वापरात आहे, याचा लेखी पुरावा एकच होता. तो हजर झाला नाही, तर मैदान जाणार होतं. बाहेर पाणी पिणाऱ्या चाळीस मुलींना दुसरं मैदान नव्हतं.

"कुलूप?" रागिणीनं विचारलं.

"तोडलेलं नाही. चावीनं उघडलं, चावीनं लावलं."

चावी भिंतीवरच्या एका जुन्या फोटोमागं खिळ्याला टांगलेली असते. ही गोष्ट गुप्त आहे, असं क्लबातला प्रत्येक जण प्रत्येकाला सांगतो.

रागिणीनं कपाटात पाहिलं. कप होते, ढाली होत्या. मधल्या खणात उस्तादांचा पहिला चेंडू होता. तिनं तो उचलला आणि लगेच हात नाकाशी नेला.

"अरीब, याला तेल कोणी लावलं?"

"तेल? कोणीच नाही."

तिनं तळवा त्याच्यापुढं धरला. तळवा चकाकत होता.

२

साडेसातला गजेंद्र ढोरे आले. क्लबचे अध्यक्ष, बांधकामाचे ठेकेदार. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी निकाल लावून टाकला.

"मॅडम, मी सरळ बोलतो. कपाट याच्या ताब्यात. सचिव हा. पोलिसात नाव याचंच जाईल."

"चावी सगळ्यांना माहीत आहे, गजेंद्रभाऊ. तुम्हालाही."

"म्हणजे मले चोर म्हणून राहिल्या तुमी?"

"म्हणत नाही, विचारते. संकुलाचं काम तुम्हाला मिळणार, असं गावात बोलतात."

गजेंद्र हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "बोलतात. अन् मी ते काम नाकारल्याचं पत्र दिलं, हे कोनी बोलत नाही. दाखवू?" त्यांनी मोबाईल पुढं केला. पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं होतं. "माह्या बापाले उस्तादनं खेळवलं. मी ठेकेदार असलो तरी हलकट नाही."

"शुक्रवारी वही शेवटची तुम्हीच पाहिली?"

"मी, अरीब, वकीलसाहेब, खुशालराव. भाषांतरवालाही आला होता. म्हणाला, सोमवारी मूळ वही दाखवा, मग पंधरा दिवसांत पान न् पान मराठीत करून देतो, एक अक्षर सोडनार नाही. खुश होते सगळे. चहा झाला."

"तेव्हा चेंडूला हात लावला?"

"चेंडूले? कशाले?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "हे पाहा, संध्याकाळी पाचपर्यंत वही आली तर ठीक. नाही आली तर मी तक्रार देतो. अरीबच्या नावानं देतो. उद्या साहेबापुढं सांगाले काहीतरी पायजे ना?"

ते गेले. अरीब भिंतीला टेकून उभा होता.

३

"तुझ्या मोबाईलमध्ये शुक्रवारचे फोटो आहेत?" रागिणीनं विचारलं.

"आहेत. स्मरणिकेसाठी काढले होते."

तिनं चेंडूचा फोटो बोटांनी मोठा केला. कातडं राखाडी पडलेलं, शिवणीत धूळ, वेटोळ्या नाडीवर कोळ्याचा एक धागा. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी चेंडू कोरडा होता आणि रविवारी सकाळी तेल प्यालेला. मधे कोणीतरी कपाट उघडलं होतं, वही घेतली होती आणि जाण्याआधी चेंडूला एरंडेल चोळलं होतं.

"तुझ्या दादाजींचा नियम तुला माहीत आहे ना?"

"कपाट उघडलं की आधी चेंडूला तेल, मग दुसरं काम. कपड्यानं नाही, तळव्यानं." अरीब पुटपुटला. "पण मी लावत नाही मॅडम. संग्रहालयवाल्या एका सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, तेलानं शिवण कुजते. त्यावरून माझं खुशालकाकांशी भांडणही झालं. तेव्हापासून कपाट मीच उघडतो, त्यांना उघडू देत नाही."

रागिणी खुर्चीत बसली. चोरी करायला जाताना माणूस तेलाची बाटली सोबत नेतो. का नेतो? तर त्या कपाटापुढं तेलाशिवाय उभं राहणं त्याला चोरीहून वाईट वाटतं म्हणून. नियम अरीबला माहीत होता, पण तो मानत नव्हता. गजेंद्रभाऊंना माहीतच नव्हता. नियम मानणारी माणसं आता तीनच उरली होती. एक उस्तादांची बायको कुलसुमबी, वय ऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, अकोल्याला मुलीकडं राहणारी. दुसरी रागिणी स्वतः. अकराव्या वर्षी तिच्या तळव्यावर उस्तादांनीच एरंडेलाची धार धरली होती. पण शनिवारी दुपारी चार ते सहा तिच्या तोंडात शिट्टी होती आणि उरलेला सगळा वेळ खोलीला बाहेरून मोठं कुलूप होतं.

तिसरे खुशालराव इंगोले. पहिल्या संघातले एकटे हयात. गोलकीपर. वय अठ्ठ्याहत्तर. प्रत्येक सामन्याला खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसणारे.

तिनं कालच्या सामन्याची चिठ्ठी खिशातून काढली. पंच म्हणून ती गोल, कार्डं आणि वेळ लिहायची. त्याखाली तिनं सवयीनं एक ओळ खरडली होती : "६२ मि. चेंडू खोलीकडे बाहेर. परत यायला उशीर. दीड मिनिट वाढीव."

खोलीकडं गेलेला चेंडू खुशालकाका परत फेकतात. बसल्या जागेवरून, एका हातानं. गेल्या दहा वर्षांत त्यासाठी वेळ वाढवावा लागला नव्हता. काल लागला, कारण खुर्ची रिकामी होती.

"पण मॅडम," अरीब म्हणाला, "खुशालकाका? ते तर या मैदानासाठी जीव देतील."

तेच तर कळत नव्हतं.

४

चावी परत लावताना फोटो तिरका राहिला होता. रागिणीनं तो सरळ केला आणि हात तसाच ठेवून थांबली.

फोटो तिनं हजारदा पाहिला होता. अकोल्याचा अंतिम सामना. गोलकीपर झेपावलाय, चेंडू त्याच्या हाताखालून जातोय. खाली चिकटवलेली कागदाची पट्टी : "अकोला, मार्च १९७१. ७८वे मिनिट. सूर्य डोळ्यांत आला."

क्लबातली ही सर्वांत जुनी हळहळ. सितारानं तो एकच अंतिम सामना गमावला आणि तो उन्हानं गमावला. अजूनही कोणाच्या हातून चेंडू सुटला की पोरं ओरडतात, "अकोल्याचं ऊन लागलं काय रे?"

त्या मैदानावर रागिणीनं चौदा सामने चालवले होते. एक गोलपोस्ट पूर्वेला, एक पश्चिमेला. सामना चारला सुरू होतो. मध्यंतर धरून अठ्ठ्याहत्तरावं मिनिट येतं तेव्हा साडेपाच होत आलेले असतात. सूर्य पश्चिमेला, खाली.

ती फोटोच्या अगदी जवळ गेली. गोलकीपरची सावली लांबच लांब पडली होती. त्याच्या पायांपासून निघून मैदानाच्या आत, धावत येणाऱ्या अकोल्याच्या खेळाडूपर्यंत.

सावली पुढं पडते, तेव्हा ऊन पाठीमागं असतं.

खुशालरावांच्या डोळ्यांत सूर्य आलाच नव्हता. चोपन्न वर्षं सगळा क्लब त्या चेंडूकडं बघत आला होता, सावलीकडं कोणी पाहिलं नव्हतं. मग त्या दिवशी खरं काय घडलं? ते लिहिलेलं एकाच ठिकाणी असणार. त्या वहीत, उर्दूत, जी क्लबात कोणालाच वाचता येत नव्हती. पंधरा दिवसांत ती पान न् पान मराठीत येणार होती.

सव्वानऊ वाजले होते. पाच वाजायला पावणेआठ तास होते. कागद जाळायला एक काडी पुरते.

५

खुशालरावांच्या घरी त्यांची सून पौर्णिमा अंगणात कपडे वाळत घालत होती.

"बाबा? ते तर कालच गेले, संध्याकाळच्या एसटीनं. अकोल्याले, कुलसुमचाचीकडं. चांदूर बाजारच्या वावरातली संत्री घेऊन जातात ना दरवर्षी."

"फोन लागत नाही त्यांचा."

"तो फोन कधी लागते?" पौर्णिमानं चिमटा दातांतून काढला. "पण जी, काल जरा वेगळंच करून राहिले होते. दुपारी मॅचले जाताना एरंडेलाची बाटली पिशवीत टाकली. म्हटलं, पोट बिघडलं का बाबा? तर म्हनतात, पोट नाही वं, दुसरंच काहीतरी साफ करायचं आहे."

रागिणीला हसू आलं नाही. "अजून काय होतं पिशवीत?"

"संध्याकाळी एसटीले जाताना तर जड होती. मी म्हटलं संत्रीच असतील." ती थांबली. "काय झालं मॅडम? बाबाईनं काही केलं का?"

"पौर्णिमा, तुझ्या सासूबाई अकोल्याच्या होत्या ना?"

"हो. जमुनाबाई. अकोल्याच्याच. त्यांचे भाऊ तिथं मोठे फुटबॉलवाले होते म्हनतात. बंडूमामा. वारले ते."

"लग्न कधीचं?"

"एकाहत्तरचं. मार्चमधलं. घरात पत्रिका आहे लावलेली."

रागिणीनं फोटोतल्या त्या धावत येणाऱ्या खेळाडूचा चेहरा आठवून पाहिला. मग ती बसस्थानकाकडं वळली.

६

अकोल्यात कुलसुमबींच्या दाराशी ती पोचली तेव्हा दीड वाजला होता. दार गजालानं उघडलं. उस्तादांची धाकटी मुलगी, उर्दू शाळेत शिक्षिका. ती बाजूला झाली.

आत खाटेवर कुलसुमबी बसल्या होत्या. समोर खाली, भिंतीला पाठ लावून, खुशालराव. मधे संत्र्यांची टोपली आणि टोपलीशेजारी वही. बंद, पण अख्खी.



"आली का?" खुशालराव म्हणाले. "मले वाटलं होतं, तूच येशीन. तेलावून ना?"

"तेलावरून. आणि सावलीवरून."

त्यांनी मान हलवली. सावलीचं त्यांनाही माहीत असावं.

"काका, कावून केलं असं? अरीबचं नाव पोलिसात जाऊन राहिलं. उद्या मैदान जाईल."

"उद्या सकाळी वही कपाटात ठेवनारच होतो मी, पोरी. मले एकच पान पायजे होतं. पन पान कोनतं, तेच मले वाचता येत नाही." ते वहीकडं पाहत होते. "चोरून आनली अन् अडानी मानसासारखा चित्रं पाहत बसलो. म्हनून इकडं आलो."

"काल रात से बैठा है," कुलसुमबी म्हणाल्या. "न खाता है, न पढ़ने देता है. गजालाने पान काढलं का म्हनते, थांब. अरे बाबा, चोपन साल थांबला, अब काय को थांबता?"

"काय लिहिलं असेल असं वाटतं तुम्हाला?" रागिणीनं विचारलं.

बाहेर कोणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

"लग्नाले आठ दिस होते," खुशालराव म्हणाले. "समोरून बंडू आला. माहा होनारा साळा. विदर्भाच्या संघाचे निवडवाले बसले होते पाहाले, अन् त्याचा गोल झाला तर तो जानार होता. जमुना मॅच पाहनाऱ्यांच्या मांडवात बसली होती. बंडूनं मारला. मी उडी घेतली. पन हात..." त्यांनी उजवा हात पुढं केला आणि त्याच्याकडं पाहिलं. "हात खाली गेलाच नाही. मी मुद्दाम ठेवला का तो गेलाच नाही, हे मले आजवर समजलं नाही. जमुनेलेबी सांगतलं नाही. उस्ताद मधात उभा होता, वीस हातांवर. त्यानं पाहिलं. त्याले ठाऊक होतं. शुक्रवारी तो मानूस म्हनला, एक अक्षर सोडनार नाही. म्हटलं, गावाच्या आधी मले ठाऊक पायजे."

"ऊन डोळ्यांत आलं, हे तुम्ही सांगितलंत ना?"

"मी?" खुशालराव चमकले. "मी तर कधीच नाही म्हनलो. सगळेच म्हनत होते, मी नुसता गप्प राह्यलो."

"मग पहिल्यांदा कोण म्हणालं?"

उत्तर कुलसुमबींनी दिलं. "वो. मेरा मियाँ. परत येताना बसमध्ये पोरं याला मारायला उठली होती. घरी येऊन मला म्हणाला, कुलसुम, आज मी झूठ बोललो. ऊन डोळ्यांत आलं म्हटलं. फोटो बी त्यानंच लावला, चिठ्ठी बी त्यानंच लिहून घेतली. मी विचारलं, किसके वास्ते? तो बोलला नाही."

खुशालरावांनी वही उचलून गजालापुढं धरली.

गजालानं एकेचाळिसावं पान उघडलं. आधी अकरा नावं वाचली. मग खालच्या चार ओळी, एकेक शब्द मराठीत करत :

"गोल झाला. चेंडू खुशालच्या हाताखालून गेला. ऊन पाठीमागं होतं. मी विचारलं नाही." ती थांबली, पुढची ओळ डोळ्यांनी वाचली, मग मोठ्यानं. "पुढच्या इतवारी त्याची शादी आहे, सगळ्यांनी जायचं. पुढच्या मॅचला गोलकीपर : खुशाल."

"बस?" खुशालराव म्हणाले. "मुद्दाम केलं का नाही, ते नाही लिहिलं?"

"नाही काका. एवढंच आहे."

म्हाताऱ्यानं डोकं गुडघ्यांत घातलं. ज्याच्याकडून निकाल हवा होता त्यानं निकाल दिलाच नव्हता.

चार वाजून दहा मिनिटांनी रागिणीनं गजेंद्र ढोऱ्यांना फोन केला. "वही सापडली. अरीबचं नाव घेऊ नका."

"कोनं नेली होती?"

"उद्या अकराला घेऊन येते." तिनं फोन ठेवला.

मग ती खुशालरावांजवळ खाली बसली. "काका, पानांवर आकडे आहेत. एक पान फाडलं तर वही खोटी पडेल आणि मैदान जाईल. म्हणून फाडू देणार नाही. पण भाषांतर झालं की हे सगळ्यांना कळेल. तेही मला थांबवता येणार नाही."

खुशालरावांनी टोपलीतून एक संत्रं उचललं, सोललं आणि अर्धं तिच्या हातात ठेवलं.

७

सोमवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी क्लबचं नाव पुकारलं गेलं.

वही टेबलावर ठेवण्यात आली. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. वही कोणीही, केव्हाही लिहिलेली असू शकते, ती त्या काळची कशावरून? अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, या वहीत ज्याचं नाव आहे असा कोणी हयात आहे काय?

खुशालराव उभे राहिले. धुतलेलं धोतर, पायात अरीबच्या वयाचे असतील असे बूट.

"मी आहो, साहेब."

"तुमचं नाव कुठल्या पानावर आहे?"

"लई पानांवर आहे."

"कुठलंही एक दाखवा. ते वाचून घेऊ आणि त्या दिवशीचं तुम्हाला काय आठवतं ते विचारू."

गजाला पुढं आली, वाचायला. पहिलं पान खुशालरावांना ठाऊक होतं. दगड वेचल्याचं, बाभळी रोवल्याचं. तेवढं पुरलं असतं. क्लबची माणसं ओळीनं बसली होती. गजेंद्र, अरीब, मुलींपैकी सहा जणी शाळेच्या गणवेशात.

खुशालरावांनी अंगठा ओला केला. पहिलं पान उलटलं. दहावं उलटलं. अक्षरं त्यांना कळत नव्हती, ते कोपऱ्यातले आकडे बघत होते. एकेचाळीसवर बोट थांबलं.

"हे वाच," ते गजालाला म्हणाले. "सगळं वाच. खालचंबी."

गजालानं वाचलं. वाचून झाल्यावर अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे असंच घडलं होतं?"

"ऊन पाठीमागं होतं साहेब," खुशालराव म्हणाले. "त्यानं लिहिलं तेवढं खरं आहे. त्याच्यापुढचं मले सांगता येत नाही."

सुनावणी पन्नास मिनिटं चालली. निकाल राखून ठेवला आहे. तारीख चोवीस दिली आहे. तोवर मैदान क्लबकडं आहे आणि सकाळी सहाला सराव होतो.

बुधवारी अरीबनं वही परत ठेवायला कपाट उघडलं. आधी चेंडूला तेल लावलं, तळव्यानं. चावी खिळ्याला टांगताना त्याला दिसलं, की फोटोखालची पट्टी गेली आहे. काचेवर डिंकाचा पिवळा डाग तेवढा उरला होता. मंगळवारी ती होती, असं तिघं जण सांगतात.

पट्टी कोणी काढली, हे क्लबात अजून कोणी विचारलेलं नाही.